लाइव्हसाठी नेटवर्क आपलं उभारावं की भाड्यानं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत आम्ही तिघं मिळून लाइव्हची कामं करतो. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या जंगलाच्या भागातली नाटकं, शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), भागवत सप्ताह, खंजिरी भजनाच्या स्पर्धा, लग्नं. दिवाळी झाली, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरायला लागल्या की फोन सुरू होतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथं एका जागी लिहून ठेवले आहेत. हा आमचा पोटापाण्याचा धंदा आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा. पण बऱ्याच ठिकाणी "हे घेऊ नका" असंच लिहिलेलं सापडेल.

आमच्या मंडळाजवळ पैसे जमले आहेत. स्वतःचा सर्व्हर घेऊन टाकावा काय?

नका घेऊ.

सर्व्हर म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटर. तो काही फार महाग नाही. महाग असते ती त्याच्यातून बाहेर निघणारी वाट. मोबाइलवर चेहरे ओळखू येतील असं ७२० पिक्सेलचं चित्र पाठवायला साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) लागतात. एक जण बघत असेल तर २, शंभर जण असतील तर २००. हजार झाले की २ जीबीपीएस, म्हणजे २,००० एमबीपीएस, आणि ते सगळं अपलोड. तालुक्याच्या गावी चांगलं फायबर मिळालं आणि त्याला १०० एमबीपीएस अपलोड खरोखर मिळालं असं धरू. पन्नास प्रेक्षकांत ते भरलं. एक्कावन्नावा आला की त्याचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच चित्र अडखळतं. पहिला अंक संपायच्या आत फोन येतो, "भाऊ, गोल गोल फिरून राहिलं ना!"

विहीर पन्नास फूट खणली, पाणी भरपूर लागलं आणि मोटारीला अर्ध्या इंचाचा पाइप जोडला, तसं हे होतं. पाणी आहे, पण धुऱ्यापर्यंत पोचत नाही.

मग यूट्यूबवर पाच-पाच हजार लोक एका वेळी बघतात ते कसं?

कारण तुमच्या मांडवातून फक्त एकच प्रत बाहेर जाते. प्रेक्षक दहा असोत की दहा हजार, तुमच्या लाइनवर ओझं तेवढंच. पुढच्या हजारो प्रती दुसऱ्याच्या लाइनवर निघतात.

युरियाचं उदाहरण घ्या. प्रत्येक शेतकरी कारखान्याच्या दारात बैलगाडी घेऊन उभा राहत नाही. रेल्वेचा रेक लागतो, गोदाम भरतं, तिथून गावोगावच्या कृषी केंद्रात पोती जातात आणि आपण गावातल्या दुकानातून उचलतो. व्हिडिओचंही तसंच आहे. अखंड चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. अॅपलनं २००९ मध्ये एचएलएस नावाची जी पद्धत आणली ती हीच. हे तुकडे साध्या फायलींसारखे असल्यामुळे वाटेतल्या कोणत्याही साठ्यात ठेवता येतात. प्रेक्षक जिथं असेल तिथल्या जवळच्या साठ्यातून त्याला तुकडा मिळतो. अशा साठ्यांच्या जाळ्याला सीडीएन म्हणतात. १९९८ मध्ये स्थापन झालेली अकामाई ही या धंद्यातली जुनी कंपनी. गूगलनं तर आपल्या साठ्याच्या पेट्या थेट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या खोल्यांत नेऊन ठेवल्या आहेत. म्हणजे पुण्यात बसलेला तुमचा भाचा जे नाटक बघतो, ते त्याच्यासाठी वेगळं वडशाहून निघालेलं नसतं.

हे जाळं आपण उभारू शकत नाही. उभारण्याची गरजही नाही.

मोठ्या कंपन्या स्वतःचं बांधतात की भाड्यानं घेतात?

दोन्ही करतात. त्यातून शिकण्यासारखं आहे म्हणून थोडं सविस्तर.

नेटफ्लिक्सचं बघा. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला. तेव्हा ते डीव्हीडी पोस्टानं पाठवत. तीन दिवस एकही डीव्हीडी पाठवता आली नाही. त्यानंतर त्यांनी आपले कॉम्प्युटर सोडून अॅमेझॉनच्या क्लाउडवर (भाड्यानं मिळणाऱ्या कॉम्प्युटरांवर) जायला सुरुवात केली आणि २०१६ च्या जानेवारीत ते काम पुरं केलं. पण याच काळात, २०१२ मध्ये, व्हिडिओ पोचवण्याचं भाड्याचं जाळं सोडून त्यांनी स्वतःचं जाळं जाहीर केलं, ओपन कनेक्ट नावाचं. डोकं भाड्याचं आणि पाइप घरचे! वरवर उलटं वाटतं, पण हिशोब सरळ आहे. त्यांना आज संध्याकाळी लोक काय बघणार याचा अंदाज असतो, तो माल ते कमी गर्दीच्या वेळात गावोगावच्या पेट्यांत भरून ठेवतात आणि पेट्या वर्षभर रोज राबतात. रोज राबणारी वस्तू विकत घेतलेली परवडते.

हॉटस्टारची गोष्ट वेगळी. २०१९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत विरुद्ध न्यूझीलंड, एका क्षणी २.५३ कोटी लोक तो सामना बघत होते. २०२३ च्या अंतिम सामन्यात हा आकडा ५.९ कोटींवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले किती उरले असतील? अशा एका रात्रीच्या गर्दीसाठी वर्षभर सर्व्हर पाळणं म्हणजे एका लग्नासाठी शंभर भांडी विकत घेणं. त्यांनी क्लाउडही भाड्याचा घेतला आणि सीडीएनही.

आता तुम्हीच सांगा, आपली मंडई कोणासारखी? वर्षातले चार महिने, त्यातही रात्रीच, आणि ज्या गावात आज मांडव आहे तिथं उद्या नुसता धुरळा. आपण सरळ सरळ क्रिकेटवाले.

म्हणजे आपण काहीच उभारायचं नाही का?

उभारायचं. पण मांडवापासून फायबरच्या जोडापर्यंतचा तुकडा. टेलिकॉमवाले "लास्ट माइल, लास्ट माइल" म्हणत असतात, म्हणजे ग्राहकाच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. लाइव्हवाल्यांना मात्र पहिला टप्पा मारतो. तो चारशे मीटरचा असेल, आठशेचा असेल, पण जगातली कोणतीही सीडीएन कंपनी तो तुमच्यासाठी बांधायला येणार नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या कामात जी जी नाटकं मध्येच बंद पडली, त्यात पुढच्या जाळ्यामुळे पडलेली बोटांवर मोजण्याएवढी. बाकी सगळी याच चारशे मीटरमध्ये पडली.

एक किस्सा सांगतो. सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक होतं. मांडवाला जनरेटर, कॅमेऱ्याला जनरेटर, लॅपटॉपला वेगळी बॅटरी. सगळी तयारी चोख. लाइन आणली होती ग्रामपंचायतीच्या खोलीतून, कारण फायबरची पेटी तिथंच. रात्री साडेबाराला दुसरा अंक रंगात आलेला आणि लाइव्ह खटकन बंद. मांडवात तर दिवे झगझगत होते, म्हणून पहिली दहा मिनिटं आम्ही लॅपटॉपशीच झटापट करत बसलो. मग एकाला ग्रामपंचायतीकडे पळवलं. गावठाण फिडरची (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनची) वीज गेलेली, खोलीत अंधार, पेटी मेलेली आणि दाराला कुलूप. किल्ली शिपायाजवळ. शिपाई नाटकात, पुढून तिसऱ्या रांगेत, मांडीवर नातू झोपलेला. माइकवरून पुकारावं लागलं. ते उठले, पण विनोदी नटाचा प्रवेश संपल्यावरच.

तेव्हापासून आमचा नियम आहे. वीज मांडवात किती भक्कम आहे ते नंतर बघू. आधी फायबरची पेटी ज्या खोलीत आहे तिथं बॅटरी ठेवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात. त्या पेटीला आणि राउटरला मिळून फार वीज लागतच नाही, मोटारसायकलची बॅटरीसुद्धा काही तास काढते. लॅपटॉप, कॅमेरा, मिक्सर धरून १०० वॅटचा भार असेल तर १५० एएचची एक इन्व्हर्टर बॅटरी, सगळी गळती धरून, दहा-अकरा तास चालते. नाटक पहाटे संपलं तरी पुरते.

आणखी एक. मांडव शेतात असेल तर वीज कोणत्या फिडरवरून घेतली ते विचारा. डेकोरेशनवाला जवळच्या खांबावरून घेतो आणि तो खांब नेमका कृषी फिडरचा निघतो. तिथं वीज पाळीनं येते.

हा पहिला टप्पा फायबरनंच न्यावा का?

हो, जमेल तिथं. ड्रॉप केबलचं एक भेंडोळं, बांबू किंवा जुने खांब आणि जोड मारणारा माणूस. केबल विकत घ्यावी. ती वर्षानुवर्षं गुंडाळून पुन्हा वापरता येते. जोड मारायचं मशीन मात्र विकत घेऊ नका, त्या माणसाला मशीनसकट बोलवा आणि त्याला रात्रभर थांबवा. जेवण, जागा आणि पुढची खुर्ची द्या, तो आनंदानं थांबतो.

जोड झाल्यावर पॉवर मीटरवर आकडा बघायचा. उणे २० डीबीएमच्या (केबलमधल्या उजेडाच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर निवांत. उणे २७ ला टेकला असेल तर पेटीवरचा हिरवा दिवा बघून खूश होऊ नका, पहाटे दव पडलं, कोणाचा पाय केबलवर पडला की तो लाल होणार. केबलला कुठं तीव्र वळण पडलंय ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते खिडकीच्या गजाशीच सापडतं.

छोटा टॉवर उभारून रेडिओनं लाइन नेली तर चालेल काय? पोळ्यानंतर बांधायला घेतो.

चालतं, पण झाडीपट्टी हे नाव उगीच पडलेलं नाही.

५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे कागदाची कटकट कमी. पण या लहरींना समोरासमोर मोकळी नजर लागते. नुसता समोरचा टॉवर दिसून भागत नाही, मधल्या रेषेभोवती मोकळी जागाही हवी. ५ किलोमीटरच्या अंतरात बरोबर मध्यावर ही जागा रेषेच्या चारी बाजूंनी जवळपास ८ मीटर भरते आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग तरी झाडापासून मोकळा असावा लागतो. धानाच्या बांध्यांवरून लाइन सुरेख जाते. मध्ये मोहाचं एक झाड आलं की संपलं.

एका मंडळानं फाल्गुनात पाहणी केली. सागाची पानं गळालेली, आरपार दिसत होतं, वेग झकास. मंडईला लाइन चालू केली तर काहीच येईना. कार्तिकात साग भरगच्च पानांवर असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको होतं, पण त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही. पाहणी दिवाळीच्या आसपासच करा.

दर हंगामात त्याच त्या पाच-सात गावांत कार्यक्रम असतील तरच टॉवर बांधा. नाहीतर घडीचा खांब आणि भाड्याचे रेडिओ पुरे.

दोन सिमकार्डं टाकून भागत नाही काय?

लग्न, बारसं, गावातलं कीर्तन असेल तर आरामात भागतं. मंडईत नाही. दुपारी चार वाजता तुम्ही वेग तपासता तेव्हा गावात आठशे माणसं असतात. रात्री नऊला पाच हजार, आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच एका टॉवरला लटकलेला. अपलोड आधी मरतं.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या, पण दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर आहेत का ते मान वर करून बघा. असतील तर त्या टॉवरची वीज गेल्यावर दोन्ही एकदमच जातात. लाइन कच्ची असेल तर नेहमीच्या आरटीएमपी पद्धतीऐवजी एसआरटी पद्धतीनं पाठवा. वाटेत हरवलेले तुकडे ती ठरलेल्या वेळेत पुन्हा मागून घेते. २०१७ पासून ती सर्वांना मोफत खुली आहे आणि ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. अनेक सिमची गाठ बांधून एक लाइन करणारी पेटी भाड्यानं मिळते. ती भाड्यानंच घ्या, हंगाम संपला की तिचं कपाटात काहीच काम नसतं.

ग्रामपंचायतीत भारतनेटचं फायबर आलेलं आहे. ते वापरता येईल का?

चालू असेल तर उत्तम. २०११ मध्ये एनओएफएन नावानं मंजूर झालेली योजना पुढं भारतनेट झाली, आपल्या राज्यात महानेटच्या नावानंही काम झालं. पण पेटी भिंतीवर असणं आणि तिच्यात उजेड असणं या दोन गोष्टी आहेत. सरपंच आणि ग्रामसेवकांची लेखी परवानगी घ्या, आणि वेग दिवसा नाही, रात्री नऊनंतर तपासा, अपलोडचा.

आम्ही केबलवाले आहोत. गावात दोनशे घरांना आमचं फायबर आहे. आम्हीही सगळं भाड्यानंच घ्यायचं का?

नाही. आतापर्यंत जे लिहिलं ते तुमच्यासाठी उलटं आहे. तुमचे प्रेक्षक तुमच्याच जाळ्यात बसलेले आहेत. नाटक गावातलं, बघणारी म्हातारी माणसं गावातल्याच घरांत, मग चित्र मुंबईला जाऊन परत कशाला यावं? तुमच्या खोलीत एक साधा सर्व्हर ठेवला तर दोनशे घरांना २ एमबीपीएसप्रमाणे ४०० एमबीपीएस लागतील. जीपॉनच्या (एका फायबरवरून अनेक घरांना जोड देणाऱ्या पद्धतीच्या) एका पोर्टवरून घरांकडे जाणारी वाट जवळपास २.५ जीबीपीएसची असते आणि तुमची घरं बहुधा तीन-चार पोर्टांवर वाटलेली असतील. बाहेरच्या इंटरनेटचा एक थेंबही खर्च होत नाही. बाहेरची लाइन तुटली तरी गावात नाटक चालूच.

हे बांधा, जरूर बांधा. फक्त केबलवर स्वतःचं चॅनल चालवायला नोंदणीचे नियम आहेत. तुमच्या एमएसओशी (ज्याच्याकडून चॅनल घेता त्या मोठ्या केबल कंपनीशी) आधी बोलून घ्या.

गूगलची किंवा नेटफ्लिक्सची साठ्याची पेटी आपल्या खोलीत मिळेल का, असंही केबलवाले विचारतात. ती पुरेसं मोठं ट्रॅफिक असलेल्या ऑपरेटरलाच मिळते. तुम्ही ज्याच्याकडून बँडविड्थ घेता त्याच्याकडे ती आहे का, एवढं विचारा. असेल तर तुमच्या ग्राहकांना फायदा आपोआप मिळतो.

खर्चाचा हिशोब कसा मांडायचा?

भाड्याच्या सीडीएनचं बिल बहुधा किती जीबी डेटा गेला त्यावर येतं. २ एमबीपीएसचं चित्र एक तास बघितलं की ९०० एमबी जातात. सहा तासांचं नाटक एकानं पूर्ण बघितलं तर ५.४ जीबी. पाचशे जणांनी पूर्ण बघितलं तर २,७०० जीबी. याला कंपनीच्या दरानं गुणा, झालं. पण पाचशेपैकी पहाटेपर्यंत जागणारे थोडे असतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांचे आकडे वहीत लिहा आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधा. काही कंपन्या सुरुवातीचा डेटा फुकट देतात; अॅमेझॉननं २०२१ च्या डिसेंबरपासून आपल्या सीडीएनवर महिन्याला १ टीबीची सूट सुरू केली होती. घेण्याआधी आजचे दर बघा.

दुसऱ्या बाजूला स्वतःच्या सर्व्हरच्या खर्चात लोक मशीनची किंमत धरतात आणि थांबतात. त्यात यूपीएस धरा, एसी धरा, मे महिन्यात चंद्रपुराकडे पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हाचं वीजबिल धरा. आणि रात्री दोन वाजता फोन उचलून "बघतो" म्हणणारा माणूस धरा. तो सगळ्यात महाग पडतो. धरत मात्र कोणी नाही.

चित्र जितकं मोठं तितकं चांगलं ना? फुल एचडीच पाठवतो.

तुमचा प्रेक्षक कुठं बसलाय ते आधी बघा. हंगामात आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. नाटकांचा हंगाम तोच, तोडणीचा हंगामही तोच. खम्ममकडच्या शेतात पाल टाकून राहिलेल्या माणसाजवळ दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो. २ एमबीपीएसनं तो एक तास चाळीस मिनिटांत संपतो. म्हणजे नांदी, गणपती आणि पहिल्या अंकाचा काही भाग. तेच चित्र ४८० पिक्सेलवर ८०० केबीपीएसनं दिलं तर तासाला ३६० एमबी लागतात आणि दीड जीबीत चार तासांच्या वर निघतात.

यूट्यूब किंवा चांगला भाड्याचा प्लॅटफॉर्म तुमच्या एका प्रतीतून अशा लहान-मोठ्या चार-पाच प्रती स्वतःच बनवतो आणि ज्याची लाइन जशी तशी त्याला देतो. घरच्या सर्व्हरवर हे काम करायचं म्हटलं की साधा कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो. स्वतःचा सर्व्हर नको म्हणण्याचं हे माझ्या मते पाइपाइतकंच मोठं कारण आहे.

आवाजात मात्र कंजुषी नको. खंजिरीची टिचकी कमी बिटरेटमध्ये पत्र्यावर गारा पडल्यासारखी ऐकू येते. चित्र थोडं कमी करा, आवाजाला १२८ केबीपीएस सोडा.

यूट्यूब फुकट आहे, मग पैसे देऊन प्लॅटफॉर्म कशाला?

भजन, कीर्तन, शंकरपट यांना यूट्यूब पुरेसं आहे. नवीन चॅनल असेल तर लाइव्हची सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, हे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळून उपयोग नाही. थेट मोबाइलवरून करायचं तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात. आणि १२ तासांच्या आत संपलेलं लाइव्हच आपोआप साठवलं जातं, म्हणून दिवसभराचा पट आणि रात्रीचं नाटक एकाच लाइव्हमध्ये सलग चालवू नका.

नाटकाचं वेगळं. मध्ये सिनेमाचं गाणं वाजलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, आणि लाइव्ह ऐन प्रवेशात थांबू शकतं. शिवाय तिकीट लावायचं असेल, कोणी बघावं ते आपण ठरवायचं असेल, तर भाड्याचा प्लॅटफॉर्म लागतोच.

लाइव्ह केल्यानं नाटकाचा गल्ला पडतो का? वडसा इथले नाटक कंपनीवाले नाहीच म्हणतात.

त्यांची भीती पूर्ण खोटी नाही. मिरचीच्या शेतातला माणूस तसाही तिकीट काढायला येणार नव्हता, त्यानं बघितल्यानं गल्ल्याला धक्का नाही. पण तेच नाटक वीस दिवसांनी शेजारच्या गावात लागणार असतं आणि तिथल्यांनी ते आज घरी बसून बघितलेलं असतं. नुकसान तिथं आहे.

"मग आपल्या तालुक्यात दिसू नये असं करा" असं एका मालकांनी आम्हाला सांगितलं. ते होत नाही. देशाबाहेरच्या लोकांना अडवता येतं, तालुका अडवता येत नाही. गावातल्या मोबाइलचा इंटरनेटवरचा पत्ता नागपूरचा, मुंबईचा, कुठलाही दिसतो. त्यापेक्षा बाहेरगावी असलेल्यांच्या ग्रुपमध्ये एकेकट्याला वेगळा पासवर्ड द्या आणि रेकॉर्डिंग हंगाम संपेपर्यंत बंद ठेवा. लेखक, कलावंत, कंपनी या सगळ्यांची लेखी संमती आधी. ती नसेल तर आम्ही कॅमेरा लावत नाही.

शंकरपटात जोडी पोचल्याचं आम्हाला फोनवर आधी कळतं, चित्र मागून येतं. बिघाड आहे का?

नाही. तुकडे पाडून, साठवून, पाठवण्यात वीस-तीस सेकंद जातातच. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिल्यापासून पट पुन्हा जोरात आहेत आणि हा प्रश्नही. उशीर कमी करता येतो, पण लाइन कच्ची असेल तर चित्र जास्त अडखळतं. मागून आलेलं पण सलग चित्र मला बरं वाटतं.

इंटरनेट कंपनीशी करार करताना काय बघायचं?

अपलोडचा आकडा लेखी. एका पुरवठादारानं आम्हाला "शंभरची लाइन" दिली होती. रात्री अपलोड मोजलं तर ६. "शंभर म्हणजे डाऊनलोड हो," असं उत्तर मिळालं. कागदावर नुसतं "१०० एमबीपीएस" लिहिलेलं होतं, आम्हीही न विचारता सही केलेली. त्याशिवाय हे बघा: लाइन तुटली तर किती तासांत जोडणार, जोडणारा माणूस तालुक्यात राहतो की जिल्ह्यात, आणि फक्त हंगामापुरती घेता येते का.

आमच्या लाइनवरून शेजाऱ्यांनाही इंटरनेट दिलं, चार पैसे घेतले तर?

परवान्याशिवाय नको. ही सेवा देण्याचे परवाने देशभर, एका सर्कलपुरते (साधारण एका राज्यापुरते) आणि त्याहून लहान भागापुरते अशा अ, ब, क गटांत दिले गेले आहेत. धंदाच करायचा तर परवानाधारक कंपनीची एजन्सी घ्या.

आमच्या गावात फायबर नाही, टॉवरची एक काडी येते नाही येते. आमचं नाटक बाहेरच्यांनी बघायचंच नाही का?

बघायचं, पण सकाळी. रात्रभर नीट रेकॉर्ड करा, दोन कार्डांवर. नाटक संपल्यावर एक कार्ड डब्यात घालून बाइकवरच्या पोराजवळ द्या. ६४ जीबीचं कार्ड घेऊन तो चाळीस मिनिटांत तालुक्याला पोचला तर ती लाइन २०० एमबीपीएसच्या वर पडते, आमच्याजवळच्या कोणत्याही लाइनपेक्षा वेगवान. दुसरं कार्ड मंडळाच्या पेटीत राहू द्या. पोरगा चहाला थांबतो आणि डबा टपरीवर विसरतो, असं आमच्याकडे दोनदा झालेलं आहे.